मीटरचा रकाना

माझ्या गावाला चार भाषा येतात
आणि चारींत एकच उत्तर.
बरंय, म्हणतो मी.
बागुन्नानु, म्हणतो नरसय्या.
आराम अदीन्री, म्हणतो इरण्णा. आणि मौलाली
नुसता अंगठा वर करतो,
कारण तीस वर्षं मागांच्या खडखडाटात
आम्ही हातांनीच बोललो.
धागा तुटला: दोन बोटं. चहा: एक.
वाईट वाटतंय, याला
कुठली खूण ठरलीच नाही.

शेडमधले चोवीस माग भंगारात गेले
त्याला हा दुसरा उन्हाळा.
किलोवर विकले. मी काट्याशी उभा होतो,
आकडा बरोबर आहे का बघत.
त्या रात्रीपासून झोप नाही.
शांतता अशी, की कान ठणकायचे.
पहाटे बायको विड्यांना बसायची,
कात्रीचा तेवढा आवाज, पान कापल्याचा,
त्यावर डोळा लागायचा माझा
आणि लाजेनं उघडायचा.

तलावाकडे दोनदा गेलो.
फिरायला, असं सांगून.
दुसऱ्यांदा तिथं नरसय्या भेटला,
तोही फिरायला आलेला.
कुणीच फिरत नव्हतं.
"काय करूलालास बे इथं?"
"तू काय करूलालास?"
मग शेंगा घेतल्या दहा रुपयांच्या.
संपेपर्यंत बसलो.
मग आणखी दहाच्या.

बैठक वगैरे कुणी म्हणत नाही.
मंगळवारी, नऊनंतर, रिकाम्या शेडमध्ये.
नळाची पाळी असली की रद्द,
चार दिवसांनी येणारं पाणी कोण सोडेल?
मालकानं चावी दिली, वर म्हणाला, पत्ते नकोत.
फरशीवर मागांच्या पायांचे तेलकट डाग अजून आहेत,
जो तो आपापल्या डागांत बसतो.
इरण्णा सतरा नंबर. मी नऊ.
मध्ये एवढं अंतर, आणि सगळेच कानानं अधू.
बहिऱ्यांच्यात दुःख कुजबुजता येत नाही.

"मला रडू येतं," मी पहिल्यांदा म्हणालो
तेव्हा इरण्णा म्हणाला, "काय?"
परत म्हणालो.
"काय?"
तिसऱ्यांदा ओरडलो,
ते बाहेर भजीवाल्याच्या कढईपर्यंत गेलं.
कुणी हसलं नाही.
मौलाली फरशीकडे बघत म्हणाला,
"मलाबी. गाडीवर. हेल्मेटमध्ये."

कोपऱ्यात उत्पादनाचं जुनं रजिस्टर सापडलं,
निम्मं कोरं.
नाव, माग नंबर, मीटर.
मीटरच्या रकान्यात आता झोपेचे तास लिहितो.
नरसय्या, साडेतीन.
मौलाली, सहा, गोळीवर.
गोळी सिव्हिलमधल्या मेरगू बाईंनी दिली,
महिन्यातून एकदा येतात, जॉबरच्या स्टुलावर बसतात,
रजिस्टर उलट्या बाजूनं वाचतात.
"सलग आठवडा चारच्या खाली गेलं तर ओपीडीत यायचं,
एकट्यानं नाही, कुणाला तरी घेऊन."
शेजाऱ्यांना सांगायचं काय, विचारलं एकानं.
"मणका," बाई म्हणाल्या. "नाहीतर खरं."

गेल्या मंगळवारी सतरा नंबर मोकळा होता.
दहा वाजले. फोन वाजून वाजून थांबला.
मौलालीनं न बोलता गाडी काढली,
एकीवर तिघं आम्ही,
कुंभार वेशीच्या उतारावर ब्रेकची खात्री नसताना.

इरण्णा दारातच होता, बनियनवर,
बॅरलमध्ये पाइप सोडून.
"पाणी आलं. सांगायचं राहिलं."
बरंय ना, विचारलं.
"आराम अदीन्री."
मौलालीनं गाडी बंद केली.
आम्ही हललो नाही.
बॅरल भरलं, वाहायला लागलं,
गल्लीत पाणी वाया जाताना बघणं
आमच्याकडे पापच, तरी कुणी पाइप उचलला नाही.

शेवटी त्यानंच उचलला, माझ्या हातात दिला,
आणि माझ्या बऱ्या कानाशी येऊन म्हणाला,
"एक तास लिही.
परवापासून."